आजोळचे बूट

कबनूरच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये बयाबाई बावीस वर्षं सुताच्या कांड्या भरत होती, आणि एवढ्या वर्षांत तिनं मालकाकडं तोंड उघडून रजा मागितली असेल ती दोनदा. एकदा नवरा गेला तेव्हा, एकदा लेकीच्या लग्नाला. या महिन्यात मात्र तिनं कमालच केली. रविवारची रजा पंधरा दिवस आधी मागून ठेवली.

"आता काय लगीन काढलंईस व्हय म्हातारपणी?" मालकानं विचारलं.

"नातवाचं जावळ हाय," बयाबाई म्हणाली, आणि म्हणताना तिचा चेहरा असा काही फुलला की मालकाला पुढची चेष्टा सुचलीच नाही.

नातू म्हणजे तिच्या लेकीचा, निशिगंधाचा राजवीर. दीड वर्षाचा. कोल्हापुरात, ताराबाई पार्कातल्या एका मोठ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा. बयाबाईनं त्याला रांगताना बघितलं होतं, उभं राहून धपकन बसताना बघितलं होतं. चालताना मात्र अजून बघितलं नव्हतं. चालायला लागला ही बातमी तिला फोनवर कळली. कबनूरहून कोल्हापूर म्हणजे काही विलायत नव्हे, एसटीनं तासाभराची वाट. पण लेकीच्या सासरी जायचं तर बोलावणं लागतं, आणि विहीणबाईंच्या घरी कधी पाहुणे असायचे, कधी सुतारकाम निघायचं, कधी कुणाला तरी बरं नसायचं. त्या घरात माणसं चार; पण बयाबाईसाठी सवड म्हणून निघायची नाही. रविवारी तरी नातू आपल्यापुढं चालेल, आणि चालेल तो आपण घेतलेल्या बुटात, एवढं एकच ती मनात धरून बसली होती.

लेकरानं पाऊल टाकलं की पहिले बूट आजोळचे, अशी तिच्याकडची रीत. संक्रांतीला निशिगंधा दोन तासांसाठी कबनूरला येऊन गेली, तेव्हा राजवीर मांडीवर झोपला होता. बयाबाईनं शेडमधलं सूत आणलं. तेही पारखून. पॉलिस्टरचा धागा ताणला की लांबतो, सोडला की आखडतो, त्यानं माप घेणारा फसतो. म्हणून चांगलं सुती घेतलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत धरलं, वाढत्या पायासाठी एक बोट जास्त सोडलं आणि तिथं गाठ मारली. शेडमधली बाई गाठ मारणार ती मागावरचीच. तुटलेला धागा जोडायची ती बारीक, चपटी गाठ. बोट फिरवलं तर लागत नाही, ओढली तर सुटत नाही. निशिगंधालाही ती यायची. दहावीच्या सुट्टीत तिनं आईच्या शेजारी बसून अशा शेकड्यानं गाठी मारल्या होत्या, आणि आईपेक्षा भराभर.

"आई, झोपलेल्या बाळाचं माप घेऊ नये म्हणतात," निशिगंधा म्हणाली.

"कोण म्हणतंय?"

"आमच्या मम्मी."

मम्मी म्हणजे सासूबाई. बयाबाईनं सूत गुंडाळून बटव्यात ठेवलं.

पुढच्याच सुट्टीला तिनं कोल्हापूर गाठलं. बूट शेजारच्या इचलकरंजीतही मिळाले असते, पण तिकडच्या पिशवीवर तिकडचं नाव असतं आणि ते ताराबाई पार्कात शोभत नाही, एवढं तिला लेकीनं न सांगता कळत होतं. महाद्वार रोडवरच्या एका जुन्या दुकानात तिनं सुताशी लावून लावून बूट घेतले. लाल, पुढं पिवळं बदक, आणि टाचेत शिट्टी. पाऊल टाकलं की चुईंक. ही शिट्टी तिला मुद्दाम हवी होती. निशिगंधा चालायला लागली तेव्हा असे बूट घ्यायचे बयाबाईच्या मनात फार होतं, पण घर शेडला चिकटून. रात्रंदिवस मागांची खडखड, तिथं चुईंक कुणाला ऐकू येणार होतं? आता नातवाच्या घरी शांतता होती. सगळ्यांना ऐकू जाईल, असं ती दुकानातच म्हणाली होती.

त्या दिवशी निशिगंधा स्वतः खाली फाटकापर्यंत आली, पिशवी घेतली, बाळ झोपलंय म्हणाली. बयाबाई आल्या पावली परत गेली, आणि तरी खुशीत गेली.

तीन आठवड्यांनी, म्हणजे जावळाच्या आधीच्या बुधवारी, निशिगंधाचा फोन आला.

"आई, ते बूट बसत नाहीत गं. घट्ट होतात."

"घट्ट? मी तर बोटभर जास्त..."

"नाहीच जात पायात. एकदासुद्धा घातले नाहीत बघ, खोकं तसंच आहे. तू ते परत कर आणि पैसे घेऊन टाक, तुझ्या उपयोगी येतील. रविवारसाठी यांनी दुसरे मागवलेत."

पैशाचं बयाबाईला काही नव्हतं. एक नंबर मोठा घेऊ, रविवारी घेऊन जाऊ, जावळ झालं की आपल्या हातानं पायात घालू, असं तिनं फोन ठेवायच्या आत ठरवलं सुद्धा. गुरुवारची अर्धी पाळी टाकून ती एसटीत बसली आणि सगळी वाट स्वतःला बोल लावत राहिली. सूत ढिलं धरलं असेल. गाठ मारताना बोट सरकलं असेल. नाहीतर विहीणबाई म्हणतात तेच खरं, झोपलेल्या लेकराचं माप घ्यायला नको होतं. बावीस वर्षं सुतात हात घालून बसलेल्या बाईला एका वितीएवढ्या पायाचं माप घेता येऊ नये याची तिला भयंकर लाज वाटत होती.

फाटकाशी वॉचमननं पिशवी पुढं केली. "वरच्या मॅडमनी ठेवलीया. तुमीच न्हवं, कबनूरच्या?"

"वर जाऊन येऊ का? पोराला बघून लगीच येतो."

"मॅडम भाईर गेल्यात, मावशी."

बयाबाईनं वर बघितलं. तिसऱ्या मजल्यावर दोरीला बारकी बारकी कापडं वाळत होती. ती थोडा वेळ बघत राहिली आणि मग पिशवी छातीशी धरून बसच्या थांब्याकडं चालू लागली.

महाद्वार रोडवरच्या त्या दुकानाचे मालक बाबासो साठीचे, बोलायला रोखठोक. चाळीस वर्षं लोकांच्या पायाशी बसून त्यांचा लोकांच्या तोंडावरचा विश्वास पार उडाला होता. गल्ल्यावर पाटी होती: वापरलेला माल बदलून मिळणार नाही. बयाबाईनं खोकं पुढं ठेवलं.

"आण्णा, ह्ये एक नंबर मोठं द्या. घट्ट हुत्यात."

बाबासोंनी बूट काढून सवयीनं टाच अंगठ्यानं दाबली. आवाज आला नाही. दुसरी दाबली. तीही मुकी. त्यांनी बूट उलटा केला, चष्मा वर सरकवला आणि बूट खाली ठेवला.

"बाई, ह्ये घातल्यालं हाईत."

"न्हाय वो! एकदाबी न्हाय."

"तळ बघा की. नव्या तळाला रेघा असत्यात. म्होरल्या सगळ्या घासून गेल्यात. पंधरा-वीस दिस पोरगं पळलंय ह्यात, ते बी सिमेंटवर."

"आण्णा, माझी लेक खोटं बोलंल व्हय? खोकं बी तसंच हाय."

"खोक्याला काय हुतंय? खोकं पायात घालत न्हाईत." बाबासोंचा आवाज चढला. "सगळी अशीच म्हणत्यात. चार दिस मिरवायचं, आन् मग घट्ट हुतंय म्हणून दारात हजर."

दुकानात चपला बघत बसलेल्या दोन बाया मान वळवून बघू लागल्या. बयाबाईला आयुष्यात कुणी काही म्हटलं असेल, अडाणी म्हटलं असेल, खोटारडी कुणी म्हटलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि तिच्यासारख्या बाईजवळ अशा वेळी जे एकच हत्यार असतं ते तिनं काढलं.

"माझ्या नातवाच्या गळ्याची शपथ, आण्णा. एकदाबी पायात घातलं न्हाईत."

लेकराची शपथ म्हणजे काही चेष्टा नव्हे. बाबासो माणूस तिरसट होता, वाईट नव्हता. त्यांनी स्टूल पुढं सरकवलं.

"बसा. रागाऊ नका. तुमीच बघा म्हंजे झालं." त्यांनी बुटाचं तोंड उघडून तिच्यापुढं उजेडात धरलं. "ह्ये आत काय हाय?"

आतल्या पांढऱ्या कापडावर पाच मळकट ठिपके होते. एक मोठा, मग उतरत्या क्रमानं चार. दीड वर्षाच्या पायाची बोटं. पायाला घाम येईपर्यंत, हट्टानं, पुन्हा पुन्हा घालून उमटवलेली.

बयाबाईनं बटव्यातलं सूत काढलं आणि बुटाच्या आत टाचेपासून पसरलं. गाठ बुटाच्या टोकाला टेकली. ठिपक्यांच्या पुढं बरोबर एक बोट जागा मोकळी होती, तिनं सोडली होती तेवढीच. माप चुकलं नव्हतं. सूतभरही चुकलं नव्हतं.

"बसत्यात की चांगलं," बाबासो म्हणाले, आता हळू. "आन् शिट्टी कुणीतरी काढलीया. ह्ये बघा, टाचंजवळ आतलं कापड ब्लेडनं उकललंय, शिट्टी काढून परत शिवलंय. माणूस कारागीर हाय पण. टाका दिसत न्हाय."

बयाबाईनं बूट हातात घेतला. तिला टाका दिसत होता. टाक्याच्या शेवटी दोरा संपवला होता, आणि संपवताना गाठ मारली होती. अंगठा फिरवला तर लागली नाही. नखानं चाचपली तेव्हा लागली. बारीक, चपटी, मागावरची गाठ.

ताराबाई पार्कातल्या त्या इमारतीत ती गाठ मारणारं माणूस एकच होतं.

मग तिला सगळं दिसलं, आणि कुणी न सांगता दिसलं. निशिगंधानं पहिल्या दिवशीच बूट पोराच्या पायात घातले असणार. पोरगं चुईंक चुईंक करत फिरलं असणार, खाली पार्किंगमध्ये पळालं असणार, काढू देत नसणार. कुणाला तरी तो आवाज खुपला असणार. जत्रेतले बूट, कुणीतरी म्हटलं असणार, मम्मी म्हणाल्या असतील नाहीतर जावईबापू. मग आपली लेक एका दुपारी दार लावून बसली, बूट चिरले, शिट्टी काढली, आणि बूट मुके करून बघितले. म्हणजे आधी तिनं ते ठेवायची धडपड केली होती. तेवढ्यानंही भागलं नाही. रविवारी पाहुण्यांत ते लाल बूट, ते बदक चालणार नव्हतं, आणि आई तर आल्या आल्या पोराच्या पायाकडं बघणार. तेव्हा बसत नाहीत म्हणून सांगून टाकलं. आईला काय, सांगितलं ते खरं वाटतं.

वाईट याचं वाटत होतं की निशिगंधाला लाज वाटली. खोटं एक वेळ चालतं, घरोघर चालतं. पण त्या पोरीनं ज्या बोटांनी बूट मुके केले त्या बोटांना ती गाठ बयाबाईनंच शिकवली होती, शेजारी बसवून, हात धरून. बयाबाईला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग काढायला समोर कुणी नव्हतं.

मग ती एकदम दचकली.

"आण्णा, मी शपथ घातली."

"जाऊ द्या वो."

"जाऊ द्या कसं? लेकराच्या गळ्याची घातली. खोटी पडली न्हवं ती? सुटली म्हणा. तुमच्यापुढं घातली, तुमीच म्हणा."

बाबासोंनी चष्मा काढला. चपला बघणाऱ्या बाया आता खाली बघत होत्या.

"सुटली," बाबासो म्हणाले. "सुटली, बाई. तुमाला काय ठावं न्हवतं." ते उठले, फळीवरून दुसरं खोकं काढलं. "ह्यो एक नंबर मोठा जोड घिऊन जावा. वाजत न्हाय ह्यो. पैसं नकोत. रविवारला लागतोय न्हवं?"

"मोठा कशाला?" बयाबाई म्हणाली. "ह्येच बसत्यात त्येला."

तिनं बूट खोक्यात ठेवले, खोकं पिशवीत घातलं आणि दुकानाची पायरी उतरली.

महाद्वार रोडवर गर्दी होती. ती एका बंद दुकानाच्या कट्ट्यावर टेकली तेवढ्यात फोन वाजला.

"झालं का गं, आई? घेतले ना त्यांनी परत?"

"घेटलं की."

"बरं झालं. मला वाटलं कटकट करतात की काय." निशिगंधाचा जीव भांड्यात पडल्यासारखा वाटला. "खरंच बसत नव्हते गं."

बयाबाईच्या जिभेवर गाठ आली होती. नुसतं म्हणायचं होतं, की बाई, टाका चांगला घातलास पण गाठ माझी हाय. पण तेवढ्यात तिला फोनमधून मागचा आवाज ऐकू आला. फरशीवर अनवाणी पळणारी बारकी पावलं. थप थप थप, मग थांबली, मग परत थप थप. मॅडम भाईर गेल्यात, वॉचमन म्हणाला होता. बयाबाई ती पावलं संपेपर्यंत ऐकत राहिली. नातवाचं चालणं तिला तेवढंच मिळालं.

"व्हय," ती म्हणाली. "माझंच सूत ढिलं धरलं गेलं."

निशिगंधा घाईनं म्हणाली, "रविवारी किती वाजता निघताय तुम्ही?"

"कृष्णात यील सकाळच्या गाडीनं." कृष्णात म्हणजे बयाबाईचा थोरला. जावळाला मामाची मांडी लागते, त्याच्याशिवाय ताराबाई पार्कातही भागत नव्हतं. "मला न्हाय जमायचं. पाळी हाय."

हे खोटं होतं, आणि दोघींनाही ठाऊक होतं. रजेचं तिनं निशिगंधाला फोनवर तीन वेळा सांगितलं होतं. बयाबाई थांबली. अगं, असं कसं, नातवाचं जावळ आणि तू नाही? एवढं एक वाक्य लेकीनं म्हटलं असतं तर तिनं सगळं गिळलं असतं. शिट्टी, गाठ, शपथ, सगळं. नवं लुगडं ट्रंकेवर काढून ठेवलेलं होतं. पुढं काय ऐकू येतं याकडं तिनं कान लावला.

"बरं," निशिगंधा म्हणाली. "मग दादाबरोबर मटणाचा डबा पाठवते."

"पाठव," बयाबाई म्हणाली आणि फोन पिशवीत टाकला.

रविवारी ती शेडमध्ये जाऊन कांड्या भरत बसली. मालक आला, तिला बघून काही विचारायला तोंड उघडलं आणि तिचा चेहरा बघून तसाच पुढं गेला.

दिवस कलता कृष्णात आला. नवा शर्ट, हातात टोपी, दुसऱ्या हातात स्टीलचा चार पुडांचा डबा. मांडीवर पोरगं कसं रडलं, न्हाव्याचा हात कसा धरला, जेवायला किती पंगती उठल्या, सगळं त्यानं सांगितलं. बयाबाई मशीन थांबवून ऐकत होती. तिला एकच विचारायचं होतं.

"चालतोय कसा?"

"चालतोय की. पांढरं बूट घातल्यालं, कुठल्या कंपनीचं. पण येक गंमत हाय, आई." कृष्णात हसला. "चार पावलं टाकतंय आन् थांबतंय. खाली पायाकडं बघतंय. मग पाय जोरात आपटतंय, परत बघतंय. सगळी हसाय लागली. मी म्हटलं, नवीन बूट चावत आसत्याल."

बयाबाई हसली नाही. पाय आपटून ते पोरगं काय शोधत होतं ते साऱ्या पंगतीत एकट्या निशिगंधालाच ठाऊक होतं, आणि ती हसली होती की नाही हे कृष्णातला विचारावं असं बयाबाईच्या मनात आलं. तिनं विचारलं नाही.

"डबा उघड की," कृष्णात म्हणाला. "निशिगंधानं सोता भरलाय तुझ्यासाठी."

"तू खा," बयाबाई म्हणाली, आणि तिनं मशीन चालू केलं.